पैसे भरून घेतलेला नकाशा

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात बायको मला म्हणाली, "मला तिच्याकडे जायचंय. तुमच्याबरोबरच जायचंय, पण तुम्ही नाही म्हणालात तर एकटी जाईन."

ती म्हणजे बायकोची शाळेतली मैत्रीण. बायको कोल्हारच्या शेतकरी घरातली, शाळेसाठी श्रीरामपूरला मामांकडे राहिलेली. मैत्रीण श्रीरामपूरच्याच एका ख्रिस्ती घरातली. पाचवी ते दहावी दोघी एका बाकावर बसल्या. पुढे मैत्रीण नर्स झाली, नोकरीला मंगळूरला गेली, तिकडच्याच एका भल्या माणसाशी तिनं लग्न केलं आणि म्हातारपणी कुंदापूरजवळच्या त्याच्या गावी राहायला गेली. मी निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी तो माणूस वारला. फोन आला तेव्हा बायको भाजी निवडत होती. ती तशीच उठली आणि म्हणाली, "आपण जाऊन येऊ."

मी म्हणालो, "दिवाळीची जादा वाहतूक सुरू आहे. आत्ता रजा कोण देणार?"

ती परत भाजी निवडायला बसली. दिवाळी गेली, नाताळ गेला. तिनं पुन्हा विषय काढला नाही, मीही नाही.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवणारा आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते भोंग्यावर सांगणारा माणूस. तीस वर्षं मी लोकांना रस्ता सांगितला. सुट्ट्यांमध्ये सगळं जग गावाला जायचं आणि मी त्यांना पाठवायला खिडकीत बसायचो. बायकोला मी किती ठिकाणी नेलं हे सांगायला एका हाताची बोटं पुरतील.

म्हणून या वेळी मी लगेच हो म्हणालो. वर उत्साहानं वहीही उघडली. "पुण्याला पहाटेच्या गाडीनं जाऊ, तिथून पनवेल, पनवेलहून कोकण रेल्वे."

तिनं वहीकडे पाहिलंही नाही. ती फोन घेऊन बसली होती. "पोरगी म्हणते, हल्ली प्रवास आखायची अ‍ॅप असतात. तिनं तीन पाठवलीत."

"मी असताना अ‍ॅप कशाला?"

"तुम्हाला सगळे रस्ते माहीत आहेत, पण ते तुमच्या डोक्यात आहेत. मला ते माझ्या हातात पाहिजेत. उद्या मला एकटीला जावंसं वाटलं तर?"

मी वही मिटली.

पुण्याला राहणाऱ्या आमच्या मुलीनं पाठवलेली तीन अ‍ॅप घेऊन आम्ही दोघं दोन-तीन दिवस बसलो. पहिलं दिसायला सुंदर होतं. कुठं जायचं आणि किती दिवस ते सांगितलं की ते आपणच सगळा बेत करून द्यायचं. निघायचं ठिकाण म्हणून बायकोनं बेलापूर घातलं, कारण आम्ही राहतो त्या श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर आहे. अ‍ॅपनं ते नव्या मुंबईतलं बेलापूर धरलं आणि आम्हाला घरापासून स्टेशनवर पोचायला सहा तास लागतील असं कळवलं. पुढं वाटेतल्या गोकर्णला ते एका दिवसात नऊ ठिकाणं दाखवणार होतं, त्यांतली तीन कॉफी प्यायची.

"नऊ ठिकाणं!" बायको म्हणाली. "माझे गुडघे याला कोणी दाखवलेले दिसत नाहीत."

दुसरं अ‍ॅप ईमेलमधली तिकिटं आपोआप उचलून तारखेप्रमाणे लावायचं. ते मला आवडलं, नोंदवहीसारखं होतं. पण आम्ही बसची तिकिटं बसमध्येच काढणारी माणसं, आमच्या ईमेलमध्ये त्याला उचलायला काय मिळणार! तिसरं साधं होतं. दिवसाखाली दिवस, प्रत्येक दिवसाखाली आपण लिहू ते ठिकाण, शेजारी नकाशा. दोघांच्या फोनवर एकच यादी दिसायची. तिनं स्वयंपाकघरातून काही लिहिलं की ते माझ्या फोनवर ओट्यावरच्या कुकरच्या शिट्टीआधी यायचं. हे तिसरं फुकटात एवढं देत होतं. बाकीचं, म्हणजे नेटवर्क नसताना चालणारा नकाशा आणि गाडीला उशीर झाला तर सूचना, पैसे भरून प्रीमियम घेणाऱ्यांना.

"वेळापत्रकाला कसले पैसे?" मी म्हणालो. "तीस वर्षं मी ते लोकांना फुकट सांगत आलो."

"फुकट कसं? पगार होता ना तुम्हाला?"

शेवटी तिनंच तोडगा काढला. अ‍ॅपची परीक्षा माहितीतल्या रस्त्यावर घ्यायची. अनोळखी मुलखात ते चुकलं तर आपल्याला कळणारच नाही, आपल्या जिल्ह्यात चुकलं तर लगेच कळेल. तिची धाकटी बहीण कर्जतला दिलेली आहे. तिच्याकडे जायचं आणि जवळच रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट बघायचे, असा एका दिवसाचा बेत तिनं अ‍ॅपमध्ये लिहिला. मी म्हणालो, "त्यात काय लिहायचंय? नगरला उतरायचं, सव्वाअकराची कर्जत गाडी पकडायची." नगरचं नाव आता बदललं आहे, अ‍ॅपमध्ये नवं घातल्यावरच ते सापडलं, पण बोलताना माझ्या तोंडात नगरच येतं.

आम्ही नगरला उतरलो. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. मी आरामात बसलो होतो, कारण ती गाडी थोडी उशिरा लागते हे मला माहीत होतं. पावणेबाराला बायको म्हणाली, "विचारून तरी या."

मी खिडकीशी गेलो. आतल्या तरुण नियंत्रकानं मान वर न करता सांगितलं, "ती गाडी बंद झाली काका. वर्ष होऊन गेलं."

मी परत बाकाशी आलो. अ‍ॅपला एसटीच्या वेळा माहीत नव्हत्या हे खरं. त्यानं फक्त अंतर आणि रस्ता दाखवला होता. पण मला माहीत असलेल्या वेळाही आता जुन्या झाल्या होत्या. बायकोनं हसायला हवं होतं, ती हसली नाही. पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "पुढची कितीची आहे?"

कर्जतला मेव्हणी रस्त्यावरच उभी होती. तिच्या ओळखीच्या रिक्षानं आम्ही तिघं रेहेकुरीकडे निघालो. वाटेत बायको फोनवर सरकणारा ठिपका बहिणीला दाखवत होती.

"आगं बया, ही आपली रिक्षा हाय व्हय?" मेव्हणीनं फोन हातात घेतला. "मी हितं पंचवीस वरसं ऱ्हाते, पन वरून कर्जत कसं दिसतं ते कदी बगितलं न्हाई."

अभयारण्याजवळ नेटवर्क गेलं आणि नकाशा करडा पडला. ठिपका होता, पण त्याच्याखालचा रस्ता, गाव, झाडी, सगळं नाहीसं झालं.

"आता?" मेव्हणी म्हणाली.

"आता हेच बघायचं होतं," बायको म्हणाली. तिला जणू गणिताचं उत्तर सापडलं होतं. काळवीट मात्र दिसले. माळरानावर सात-आठ होते, आमच्याकडे बघत उभे राहिले आणि मग एकदम उड्या घेत निघून गेले. मेव्हणीनं लेकराबाळांसह आलेली माणसं तिथं बऱ्याचदा पाहिली होती, पण तीही आमच्याबरोबर त्या दिवशी पहिल्यांदाच आत आली होती. जिल्ह्याच्या बाहेर ती आयुष्यात दोनदा गेली होती, दोन्ही वेळा कोणाच्या तरी मयतीला.

घरी आल्यावर बायकोनं मुलीला फोन केला आणि विचारलं, प्रीमियम एकाच महिन्याचं मिळतं का. मिळत होतं. वर्षाचं स्वस्त पडतं असं अ‍ॅप पुन्हा पुन्हा सांगत होतं. मुलगी म्हणाली, "आई, वर्षाच्या भानगडीत पडू नकोस. तुम्ही वर्षातून कितीदा जाणार? आणि घेतल्याबरोबर आपोआप चालू राहायचं बटण बंद करून टाक, नाहीतर पुढच्या महिन्यातही कापून घेतील." बायकोनं ते बटण शोधायला अर्धा तास घालवला. ते मुद्दाम आडबाजूला ठेवलेलं होतं. सापडलं तेव्हा तिनं मला बोलावून दाखवलं आणि माझ्यासमोर बंद केलं. मग गोकर्णपासून कुंदापूरपर्यंतचा सगळा किनारा फोनमध्ये उतरवून घेतला आणि मैत्रिणीच्या गावावर एक लाल खूण ठेवली. मैत्रिणीनं फोनवर सांगितलेलं तिनं खाली लिहिलं होतं: चर्चच्या मागं, नारळाची वाडी, निळं फाटक.

प्रीमियम तिच्या फोनवर होतं. माझ्या फोनवर नुसती यादी. दोघांत एक पुरे, असं मीच म्हणालो होतो.

प्रवास चांगला सुरू झाला. घाटात गाड्यांची रांग लागली होती आणि माझा जीव खालीवर होत होता, तेवढ्यात तिच्या फोनवर सूचना आली की पनवेलहून सुटणारी आमची रेल्वे दीड तास उशिरा आहे. तिनं फोन माझ्यासमोर धरला. मी श्वास सोडला. ही सूचना रेल्वेकडूनही फुकट मिळाली असती असं मला नंतर कळलं, पण त्या क्षणी ती कुठून आली याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. फलाट मात्र अ‍ॅपनं चुकीचा सांगितला. पिशव्या घेऊन जिना चढउतर करावा लागला, तेव्हा बायको म्हणाली, "हे फुकटच्या भागातलं असेल."

गोकर्णला आम्ही नऊऐवजी दोनच ठिकाणं पाहिली. देवळात गेलो आणि समुद्रावर बसलो. एवढा वेळ आम्ही दोघं काही न करता कधी बसलो होतो ते मला आठवेना. मुरुडेश्वरला एक दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी कुंदापूरला उतरलो आणि मैत्रिणीच्या गावाकडे जाणाऱ्या खासगी बसमध्ये बसलो. तिकडं खासगी बसच जास्त.

आता पुढचं मी एसटीतल्या कोणा जुन्या मित्राला अजून सांगितलेलं नाही.

बसमध्ये बसल्यावर मला वाटलं, परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी. स्टँडवर एका खोलीच्या दारात टेबल टाकून एक गृहस्थ वही लिहीत बसले होते. वही बघताच मी ओळखलं की हा आपल्या कामाचा माणूस. बायकोला म्हणालो, "दोन मिनिटांत आलो."

मोडक्या हिंदीत मी वेळ विचारली, त्यांनी सांगितली. मी म्हणालो, मीही याच कामात होतो. त्यांनी खुर्ची पुढं केली. मी वहीतले रकाने बघू लागलो. आमच्यासारखेच होते, फक्त अक्षरं कानडी. मागं कुठंतरी शिट्टी वाजली. मी लक्ष दिलं नाही. आमच्याकडे कंडक्टर दोरी ओढतो, घंटीचे दोन ठोके पडतात, मग गाडी हलते. माझे कान त्या दोन ठोक्यांसाठी सावध होते. शिट्टीचा अर्थ त्यांना ठाऊकच नव्हता.

वळून पाहिलं तर बसच्या जागी दुसरी बस उभी होती.

मी धावत फाटकापर्यंत गेलो. रस्ता रिकामा. फोन लावला, कानडीत एक बाई काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बायको एकटी, भाषा येत नाही, गाव माहीत नाही, दोन्ही पिशव्या तिच्याजवळ. तीस वर्षांत आईपासून सुटलेली मुलं, सुनांपासून सुटलेल्या सासवा, किती माणसं माझ्या खिडकीशी रडत आली होती. मी त्यांना सांगायचो, घाबरू नका, जागेवरून हलू नका. आता मीच घामाघूम होऊन परमुलखातल्या स्टँडवर उभा होतो आणि मला ते जमत नव्हतं.

वहीवाले गृहस्थ माझ्यामागं आले होते. त्यांनी मला पाणी दिलं, बोटानं पंचवीस मिनिटं दाखवली आणि पुढच्या बसच्या कंडक्टरला काहीतरी समजावून सांगितलं. ती पंचवीस मिनिटं मी बाकावर बसून काढली. फोनवर आमची यादी उघडली. तिच्यात मैत्रिणीच्या गावाचं नाव होतं, निळं फाटक होतं, पण नकाशा उघडायला नेटवर्क पुरत नव्हतं. आणि मला एकदम त्या दिवाळीची आठवण झाली, भाजी तशीच टाकून उठलेली ती. तेव्हाही ती एकटी गेली असती. मी रजा काढली नाही, पण तिला जा असंही म्हणालो नव्हतो.

बस निघाली. कंडक्टरनं माझी जबाबदारीच घेतली होती, दर थांब्याला तो मला हातानंच 'बसून राहा' म्हणायचा. एका पुलावरून खाली मोठी नदी दिसली, मग नारळी, मग चर्चचा पांढरा मनोरा. कंडक्टरनं शिट्टी वाजवली आणि मला खुणावलं.

थांब्यावर दोन बायका छत्री धरून उभ्या होत्या. एक माझी बायको. दुसरीचे केस पूर्ण पांढरे, पण एकमेकींचे हात त्यांनी शाळेतल्या मुलींसारखे धरले होते. दोघींचे डोळे लाल होते आणि दोघी मला बघून हसायला लागल्या.

"अगं, तू कशी पोचलीस?" मी उतरल्या उतरल्या विचारलं.

"बस सुटली तेव्हा मी खूप ओरडले, थांबा थांबा. कंडक्टरला वाटलं मला पुढं थांबायचंय. मग फोन उघडला. म्हटलं बघू तरी कुठं चाललोय. ठिपका दिसला, रस्ता दिसला, ही लाल खूण दिसली. रेंज नव्हती, पण नकाशा होता. एकेक गाव मागं पडताना दिसत होतं. खूण जवळ आल्यावर मी उभी राहिले आणि उतरले."

"आणि माझी काळजी नाही वाटली?"

"तुमची कसली काळजी? तुम्ही तर स्टँडवर होतात. स्टँडवर तुम्ही हरवणार आहात होय?"

मैत्रीण खळखळून हसली. तिची मराठी थोडी अडखळत होती, मधेच एखादा कोंकणी शब्द यायचा. "ही फाटकाशी एकटीच उभी. मी म्हटलं, तू एकटी आलीस? तर म्हणते, हो, एकटीच आले. आणि नवरा? तर म्हणते, मागच्या बसनं येतोय."

त्या अर्ध्या तासात दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. माझ्याशिवाय भेटल्या ते बरंच झालं असं मला तेव्हाही वाटलं. घरात नवऱ्याचा फोटो होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मैत्रिणीला म्हणालो, "मी तेव्हा रजा काढायला हवी होती."

"आता काढलीत ना, दाजी," ती म्हणाली.

"आता काय, आता निवृत्त झालोय."

"मग तर चार दिवस जास्त राहा."

आम्ही राहिलो. अ‍ॅपमधल्या पुढच्या तीन दिवसांवर बायकोनं बोट ठेवलं आणि ते पुसून टाकले. रोज संध्याकाळी दोघी नदीच्या बांधावर फिरायला जायच्या. मी वाडीतले नारळ मोजत बसायचो किंवा कुंदापूरला जाऊन वहीवाल्या गृहस्थांबरोबर चहा घ्यायचो.

लोक आता मला विचारतात. निवृत्त मित्र, शेजारी, बायकोच्या भिशीतल्या बायका, सगळ्यांना कुठंतरी जायचं असतं. अ‍ॅप घ्यावं का, आणि घेतलं तर पैसे भरावेत का? मी सांगतो, आधी फुकटचं घ्या आणि ओळखीच्या रस्त्यावर एक दिवस वापरून पाहा. त्यात काय कमी पडलं ते कळलं, आणि ती उणीव पैसे देऊन भरून निघत असेल, तरच पैसे भरा, तेही जाल त्या महिन्यापुरते. आमच्या कामी आला तो नेटवर्कशिवायचा नकाशा. त्याच पैशात मिळालेली बाकीची निम्मी बटणं आम्ही उघडूनही पाहिली नाहीत. तयार बेत करून देणारी जी शहाणी सोय होती, तिच्यासाठी मी एक रुपया दिला नसता. आमच्या बेतात मैत्रीण होती, हे त्या सोयीला कसं कळणार? आणि एक सांगतो, ज्याच्या हातात ते असेल त्याला स्वतःला ते वापरता आलं पाहिजे. मी ते बायकोकडून शिकलो, आता माझ्याही फोनवर नकाशा उतरवता येतो.

महिना संपल्यावर अ‍ॅप आपोआप साध्यावर आलं. काही कापलं गेलं नाही, हे बायकोनं तीनदा तपासलं.

आता पुढच्या थंडीत तिघी निघणार आहेत. बायको, मैत्रीण आणि कर्जतची मेव्हणी. हंपी बघायचं ठरलंय. मैत्रीण तिकडून येणार, या दोघी इकडून जाणार, हंपीजवळच्या होस्पेटला भेटणार. मला बोलावणं नाही. मी विचारून पाहिलं तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही मागच्या बसनं या." मेव्हणीनं त्यासाठी नवा फोन घेतला आहे. यादीत तिचंही नाव आलंय आणि ती दुपारी काम आटोपलं की काहीबाही लिहीत असते. परवा तिनं पहिल्या दिवसाखाली 'भाकरी, ठेचा, गोधडी' असं लिहिलं होतं.

काल तिचा फोन आला. बायको बाहेर गेली होती, मीच उचलला.

"दाजी," ती म्हणाली, "आक्का न्हाई का? आसू द्या, तुमीच सांगा. त्या अ‍ॅपात समदं लिवता येतं म्हनं. मग मला खिडकीपाशी बसायचंय, ते कुटं लिवायचं?"

मी चष्मा लावला, यादी उघडली आणि तिला सांगायला लागलो.